तळघराचा कोबा वर घ्यायचाय, सिमेंट-वाळूचा माल धरेल का?

मी: नाशिकला आमच्या तळघराचा कोबा हव्या पातळीपेक्षा दाराशी अडीच इंच खाली, मागे जेमतेम इंचभर. त्यावर सासऱ्यांनी हौसेने मारलेला लाल ऑइलपेंट! मिस्त्री म्हणतो, थेट माल पसरून टाइल बसवू.

गवंडीकाका: रंगावर माल धरत नाही, ताई. रंग काढून छिन्नीने टाचे (खाचा) मारा, धुवा, सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) फिरवा आणि ती ओली असतानाच 1:4 माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) टाका. दाराकडे थर जाड येईल, तिथे बारीक खडी मिसळा, नाहीतर तडे जातात.

पावसाळी: रंग खरवडलात की प्लॅस्टिकचा तुकडा कडेने चिकटवून दिवसभर ठेवा. खाली घाम धरला तर आधी ओल बघा.

मी: ठेवला. भिंतीकडे चक्क थेंब! मिस्त्रीला थांबवलंय, तो रुसलाय.