महूच्या पुढची बरड जमीन मुरमासाठी द्यायची आहे, शेत परत मिळेल का?

राजवाडा_काकू:
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ महूच्या पुढे, मानपूरच्या वाटेवर आमची सहा बिघे (म्हणजे साधारण दीड हेक्टर) जमीन आहे. वर दोन फूट काळी, खाली मुरूम. सोयाबीन कशीबशी होते. एक ठेकेदार मुरूम मागतोय. म्हणतो, "आंटीजी, दो सीज़न में निकालके प्लेन कर देंगे." धाकटे दीर तयार आहेत. मी मात्र शेजारचं वावर बघून आले. तेही 'प्लेन' व्हायचं होतं! आता उभ्या कडांचा खड्डा, हिरवं पाणी, त्यात म्हशी. काळी माती कुठल्या कॉलनीच्या बगीच्यात गेली कोण जाणे. मुरूम जाऊ दे, मला शेत परत हवंय. टप्प्याटप्प्यानं खोदायला कसं लावायचं?

ओळंबा:
काकू, आयुष्य रस्त्यांच्या कामांवर गेलं, म्हणजे मुरूम उचलणाऱ्यांच्याच बाजूला. म्हणून ही खोड ठाऊक आहे: काळी माती आधी विकली जाते.

एका वेळी एकच बिघा उघडा, आणि सुरुवात नाल्याकडच्या सखल बाजूनं. पहिल्या बिघ्याची काळी बाजूला ठेवायची. मुरूम निघाला की दुसऱ्या बिघ्याची काळी थेट पहिल्याच्या तळावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. माती एकदाच हलते, तीही उताराकडे, डिझेल वाचतं. पहिला ढीग शेवटच्या बिघ्याला लागतो. एका बिघ्याची साधारण 1500 घनमीटर माती, सुटी झाली की फुगते. ढीग 2 मीटरहून उंच नको, म्हणजे अर्धा बिघा जागा त्यातच जाईल.

कडांचं म्हणाल तर 1961 च्या खाण नियमांत मुरमाचं नावच घेतलंय: उतार 45 अंशांपेक्षा तीव्र नको, नाहीतर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या. पण ते काम चालू असतानाचं. ट्रॅक्टर चालवायचा तर शेवटी तीन फूट आडवं, एक फूट उभं असा उतार हवा.

खोली ठेकेदार सांगेल ती नको. विहिरीचं पाणी आत्ता, पावसाळा सरल्यावर, सगळ्यात वर असतं, ते मोजा. तळ त्याच्या पाच फूट तरी वर, आणि नाल्याच्या तळाच्याही वर. नाहीतर पाणी जाणार कुठे?

देपालपूर_बरड:
ताई, आमच्याकडे हे करून झालंय. दोन चुका सांगतो. माती पसरली जुलैत, ओली. काळी ओली असली की बकेटला चिकटते आणि डंपरखाली विटेसारखी बसते. मे महिन्यात, भेगा पडल्यावर करा. दुसरी: खालचा मुरूम डंपरनं घट्ट झाला होता, तसाच झाकला. पहिल्या पावसात काळी वर तरंगल्यासारखी, मुळं कुजली. आता पुन्हा उकरतोय. तळ दोन फूट रिपरनं (जमीन फाडणाऱ्या दात्याच्या अवजारानं) फाडून घ्या, मगच माती. पहिल्या वर्षी सोयाबीनचा नाद सोडा, ताग पेरून गाडा. जो ढीग पडून राहील त्यावरही ताग. तण माजत नाही, माती धुपत नाही.

ओळंबा:
एक राहिलं. खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, तुमच्या नावावर असला तरी मुरूम हे गौण खनिज, 1957 च्या खाण-खनिज कायद्याच्या कलम 15 नं त्याचे नियम राज्याकडे. परवानगी आणि रॉयल्टी आलीच. पाच हेक्टरच्या आतल्या लीजनाही पर्यावरण मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलंय. ठेकेदार "छोटा काम है" म्हणाला तर कागद मागा.

राजवाडा_काकू:
काल दीरांना घेऊन मोजलं. मिस्त्रीची पाण्याची पारदर्शक नळी आणली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या, मध्ये गडी धरून उभा. नळीत एक बुडबुडा अडकला होता, तो काढण्यात अर्धा तास गेला. विहिरीची जागा बरडीपेक्षा आठ फूट खाली, पाणी काठापासून सहा फुटांवर. म्हणजे बरडीपासून चौदा. नाल्याचा तळ अकरा. पाच फूट सोडले तर नऊ फुटांवर थांबायचं, त्यातले दोन काळीचे, मुरूम सातच फूट. ठेकेदारानं पंधरा धरले होते! दीर गप्प झाले.

करारात हिंदीतच लिहून घेतलं: पहले बीघे पर मिट्टी बिछे बिना तीसरा नहीं खुलेगा, और पैसे का चौथा हिस्सा आख़िर तक मेरे पास जमा रहेगा. तो म्हणाला, घर जाके सोचता हूँ. चार दिवस झाले, फोन नाही.