बेडकांसाठी रँचवाल्यांशी करार, फायदा कोणाचा?

पाणथळप्रेमी: अमेरिकेतल्या ॲरिझोनातले रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, म्हणे आपणहून सरकारशी करार करून चिरिकाहुआ लेपर्ड फ्रॉग हा धोक्यात आलेला बेडूक स्वतःच्या तळ्यात सोडू देतात. हे लचांड कोण कशाला गळ्यात घेईल?

रानवाटा: अहो लचांड नको म्हणूनच तर करार! ‘सेफ हार्बर’ नावाच्या या करारात आधी किती बेडूक होते त्याची नोंद होते, पुढे वाढले तरी त्यापायी जमिनीवर नवे निर्बंध लागत नाहीत.

गोठेवाला: शिवाय २००२ला हा बेडूक संरक्षित यादीत आला तेव्हाच गुरांच्या तळ्यांच्या नेहमीच्या देखभालीला सूट दिलेली. आणि ओढे, झरे आटले तिथे ही तळीच तर त्यांचा आसरा.

पाणथळप्रेमी: मग अडतंय कुठे?

रानवाटा: बुलफ्रॉग, म्हणजे तिथे बाहेरून आलेला मोठा बेडूक! तो एकदा तळ्यात शिरला की यांना गिळतोच, वर बुरशीचा रोग आहेच, त्यावर नुसती सही करून काय होणार.