मदत हवी आहे: डिझेलमधलं सल्फर ६० पीपीएमच्या खाली येत नाही

प्रयोगशाळेतल्या छोट्या फिक्स्ड बेड रिअ‍ॅक्टरवर डिझेलमधलं सल्फर हायड्रोजनने काढायचं काम करतेय. गॅमा अ‍ॅल्युमिनावर कोबाल्ट-मोलिब्डेनम हा उत्प्रेरक, फीड स्ट्रेट रन डिझेल (कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनातून थेट आलेलं), त्यात सल्फर ०.८ टक्के, नायट्रोजन ११० पीपीएम. ३४० अंश, ४० बार, एलएचएसव्ही (तासाला उत्प्रेरकाच्या आकारमानाच्या किती पट डिझेल सोडतो ते) १. बीएस-६ साठी १० पीपीएम हवं, पण गाडी ६० वर अडलीय.

सल्फायडिंग (उत्प्रेरकातले धातू सल्फाइड रूपात आणणं) डायमिथाइल डायसल्फाइडने नीट झालंय. बाहेर हायड्रोजन सल्फाइड दिसेपर्यंत तापमान वाढवलं नव्हतं. हायड्रोजन ताजाच, रिसायकल नाही. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) उरलेलं जवळपास सगळं ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीनच. म्हणजे दोन मिथाइल गटांआड लपलेलं सल्फर, थेट सुटायला तयार नाही. ३६० अंशांवर ३५ पीपीएम मिळालं, पण बाटलीतलं पाण्यासारखं डिझेल पिवळट झालं, म्हणून मागे आले. एलएचएसव्ही कमी करून फारसा फरक पडला नाही.

रेणूतली रिंग आधी हायड्रोजनेट करायची (तिला हायड्रोजन जोडून मग सल्फर सोडवायचं) तर निकेल-मोलिब्डेनम बरं, हे माहीत आहे. पण माझा रिअ‍ॅक्टर ५० बारच्या वर जात नाही आणि निकेलला दाब लागतो. फीडमधले नायट्रोजनचे रेणूही उत्प्रेरकाच्या जागा अडवून आड येणारच.

एवढ्या दाबात कुणी वर कोबाल्ट, खाली निकेल असा थर लावून पाहिलाय का? लावला असेल तर कोणत्या प्रमाणात, आणि सल्फर कितीवर आलं?