सल्ला हवा: मार्च ते मे, लहान होडीने बेलापूर ते घारापुरी, दिवस आणि वेळ कशी ठरवावी?

किल्लेगावठाण

नमस्कार मंडळी. १८ फुटी उघडी फायबरची होडी, २५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, चार माणसं. दिवाळ्याहून निघून पनवेल खाडीच्या तोंडातून बाहेर, अटल सेतूखालून घारापुरी, तिथे दोन-तीन तास थांबून परत. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी जायचा विचार आहे. नोंदणी आणि विमा झालेला आहे.

विचारायचं हे की दिवस कसा निवडायचा, किती वाऱ्यापर्यंत निघावं, फोनवरच्या अंदाजावर किती विसंबावं, आणि इंजिनासाठी सोबत काय ठेवावं. ओळखीतले एक जण म्हणतात की पौर्णिमेच्या आसपास जा, दुपारी भरपूर पाणी मिळतं. बरोबर आहे का हे?

खाडीमुख

पौर्णिमेचा सल्ला पाण्याकडे बघून दिलेला आहे, वाऱ्याकडे बघून नाही. या मोसमात तुमच्या मार्गावर पौर्णिमा-अमावास्या टाळा आणि सप्तमी ते दशमीमधला दिवस घ्या, शुद्ध असो वा वद्य. का ते नीट सांगतो, कारण हे एकदा समजलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

आपल्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात मुंबई बंदरात त्या दिवशी पूर्ण भरती बारा-साडेबाराच्या आसपास येते, म्हणजे हा हिशोब ढोबळच. वेळ आणि उंची भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची, पण महिनाभर आधी दिवस हेरायला पंचांग पुरतं.

आता पौर्णिमेची दुपार बघा. बाराला भरती पूर्ण, तिथून सहापर्यंत ओहोटी. पनवेल खाडीची ओहोटी पश्चिमेकडे वाहते. मार्च-एप्रिलमध्ये खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, नेमका दुपारी पश्चिम-वायव्येकडून आत येतो. पाणी बाहेर चाललंय आणि वारा समोरून त्यावर आदळतोय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा तोच असला तरी नेरुळ जेट्टीच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी, पाणी एकदम बदलतं. परतताना वारा पाठीवर असल्यामुळे आत बसलेल्याला तो जाणवतही नाही. होडी लाटेवरून घसरायला लागली की मगच कळतं.

नवमीला काय होतं? नऊची पाऊणपट पावणेसात. सातला निघालात तर ओहोटी तुम्हाला बाहेर नेते, सकाळचा मतलई (जमिनीवरून येणारा) वारा पूर्वेकडून पाठीशी असतो, पाणी सपाट. एकच्या सुमारास ओहोटी संपते. दोनला परत निघालात तर भरती आत येतेय आणि खारा वाराही आतच येतोय. दोन्ही एका दिशेने, त्यामुळे लाट लांब आणि लोळती राहते.

आणि पाणी कमी पडेल ही भीती? अपोलो बंदरचे सरासरी आकडे बघा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरती साधारण ४.४ मीटर, ओहोटी ०.८. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, भरती ३.३, ओहोटी १.९. उधाणाचं पाणी ३.६ मीटर उतरतं, ते सहा तासांत सारखं उतरत नाही: एकूण उताराचे बारा हिस्से धरले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १. म्हणजे ०.३, ०.६, ०.९, ०.९, ०.६, ०.३ मीटर. बाराला ४.४ असेल तर चारला उरलं १.७ आणि पाचला १.१. भांगाच्या दिवसाची अगदी तळाची ओहोटीसुद्धा १.९. तुमच्या ओळखीच्यांना बाराचं पाणी दिसतंय, चारचं दिसत नाहीये.

उधाणाची खरी जोरदार भरती पौर्णिमेला नसते, एक-दोन दिवसांनी, द्वितीयेच्या आसपास असते. त्यामुळे पौर्णिमा टाळून दुसऱ्या दिवशी गेलात तर काहीच साधत नाही.

ऐरोलीकर

खाडीमुख यांच्याशी सहमत, फक्त हे गणित पनवेल खाडीचं आहे हे ध्यानात ठेवा. ठाण्याची खाडी उत्तर-दक्षिण आहे. ऐरोली ते वाशी पट्ट्यात ओहोटी दक्षिणेला जाते, वायव्येचा वारा तिला थोडा मदतच करतो. तिथे त्रास होतो तो मेच्या उत्तरार्धात, वारा नैर्ऋत्येकडे फिरला की. उलट घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, गायमुख-नागला बंदराकडे खाडी पुन्हा पूर्व-पश्चिम आहे, तिथे पनवेल खाडीसारखंच.

वाशीच्या पुलांखाली खांबांमधून पाणी आवळून जातं. उधाणाला भरती किंवा ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात तिथे जाऊ नये. वल्ह्यावर किंवा कयाकवर असाल तर मुळीच नको.

ऐरोली-वाशी दरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून, आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र). मेपर्यंत पक्षी असतात. तिकडे होडी नेण्याआधी वन विभागाची परवानगी घ्या. पक्षी ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात आणि भरतीला काठाला सरकतात, त्या वेळी इंजिनाने थवा उठवला तर त्यांची विश्रांती मोडते.

वाराफिरा

वाऱ्याबद्दल. मार्चमध्ये खारा वारा कधी येईल याचा भरवसा नसतो. पूर्वेचा गरम वारा जोरात असला की तो बारा-एक, कधी दोनपर्यंतही अडून राहतो. त्याच दिवसांत ठाणे-नवी मुंबईत पारा ३८-४० ला जातो. अशा दिवशी सकाळ फसवी शांत असते. मग वारा पडतो, अर्धा तास पाणी काचेसारखं होतं आणि पश्चिमेकडून एकदम सुरू होतो. वारा पडला की आवरायला घ्या, ती इशाऱ्याची वेळ आहे. एप्रिल-मेमध्ये वारा लवकर, दहा-अकरालाच येतो आणि संध्याकाळपर्यंत वायव्येकडे झुकत जातो.

मर्यादा: तुमच्या होडीला सरासरी १२ नॉट, झोत (मधूनच येणारा जोराचा फटका) १६ नॉट. त्यापुढे अंदाज असेल तर निघू नका. प्रत्यक्ष पाण्यावर खूण सोपी आहे. लाटांवर तुरळक फेस असेल तर ७ ते १०, सगळीकडे फेस दिसायला लागला तर ११ च्या वर गेलेलं आहे.

फोनवरच्या अंदाजाचं: विंडी ॲपवर हवामानाचं मॉडेल कोणतं लावलंय ते बघा. जीएफएसची जाळी २५ किलोमीटरच्या आसपासची आहे, तिला खाडी आणि बेलापूरचा डोंगर वेगळे दिसतच नाहीत. ईसीएमडब्ल्यूएफची ९ किलोमीटरची, ती बरी. दोन्ही लावा. दोघांत पाच नॉटपेक्षा जास्त फरक असेल तर मोठा आकडा धरा. सरासरी आणि झोत वेगवेगळे वाचा, होडी उलटवतो तो झोत. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेचा अंदाज, आणि हवामान खात्याच्या कुलाबा केंद्राचं किनारपट्टीचं पत्रक. मच्छीमारांसाठीचा इशारा असेल तर विषय संपला. बंदरावर बावटा चढला असेल तरी तेच.

एप्रिलच्या मध्यापासून वळवाकडे लक्ष हवं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ढग माथेरान-मलंगगडाच्या बाजूला दुपारी चढतात आणि तिथून पश्चिमेला सरकतात. तुम्ही घारापुरीला पश्चिमेचा वारा अंगावर घेत बसलेले असता आणि मागे पूर्वेला ढगाचा माथा पसरत असतो. पाऊस यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी त्याचा थंड झोत पोचतो, वारा पश्चिमेचा पूर्वेचा होतो आणि वेग दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. १३ मे २०२४ ला मुंबईवर धुळीचं वादळ आलं ते याच प्रकारचं. म्हणून बाराला, एकला आणि निघण्याआधी रडार बघायचं. वेरावली आणि कुलाबा, दोन्हीकडे डॉप्लर रडार आहे. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप ठेवा. पनवेल-कर्जतकडे वीज दिसत असेल तर तिच्या दिशेने परत निघू नका. बेटाच्या आडोशाला थांबा, एक-दीड तासात ती निघून जाते.

मेमध्ये अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या बातमीवर पाच-सात दिवस आधीपासून नजर ठेवा. तौक्ते २०२१ मध्ये १४ मेला लक्षद्वीपजवळ होतं आणि १७ ला मुंबईसमोरून गेलं.

किल्लेगावठाण

खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. वाराफिराताई, इन्कॉइसवर लाटेची उंची १ मीटर दिसते पण कालावधी १७ सेकंद, असं असेल तर?

वाराफिरा

ती दूर दक्षिणेकडच्या समुद्रातून आलेली लाट. घारापुरीच्या आत तुम्हाला विशेष जाणवणार नाही, पण मांडवा, रेवस, अलिबाग बाजूला जाऊ नका. खोल पाण्यात ती दिसत नाही, उथळाला लागली की उंच होऊन फुटते. धक्क्याला लावलेली होडीही वरखाली आपटते, दोर ढिला आणि फेंडर दोन जादा.

गिअरऑइल

इंजिनावर येतो. या खाडीत इंजिन बंद पडायची कारणं दोनच मोठी: चिखल आणि प्लास्टिक-जाळी. हवामान चांगलं असूनही लोक अडकतात ते यामुळे.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार दर पाच मिनिटांनी बघायची सवय लावा. बारीक झाली किंवा गरम वाफाळलेली आली की लगेच न्यूट्रल, बंद, वर उचला. नव्वद टक्के वेळा पिशवी चिकटलेली असते. पिशवी नसेल तर धारेच्या भोकात बारीक तार घाला, गाळ साचतो. तरीही नाही तर इंपेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चाक. तो पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, आपल्या गाळाच्या पाण्यात दर हंगामाला बदला. काढल्यावर पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या दिसल्या तर तो गेला.

दोर किंवा जाळी पंख्यात गेली तर उलटा गिअर टाकून सोडवायचा प्रयत्न नको, आणखी आवळते. बंद करा, लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी) काढून हातात घ्या, मग इंजिन उचलून दातेरी सुरीने कापा. घरी आल्यावर पंखा काढून त्यामागे नायलॉनचा धागा राहिलाय का ते बघा. तो सील कापतो, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. डोलीच्या (खुंटांना बांधून प्रवाहात सोडलेल्या) जाळ्यांचे खुंट आणि बोये दिसले की त्यांच्या प्रवाहाच्या खालच्या अंगाने जाऊ नका, जाळं तिकडेच पसरलेलं असतं. शिवाय ते कोणाचं तरी पोट आहे.

पेट्रोल: आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. महिनाभर पडलेलं पेट्रोल होडीत वापरू नका. पूर्ण थ्रॉटलला तासाला नऊ लिटरच्या आसपास धरा. तुमचं जाऊन-येऊन दीड तासाचं काम आहे, म्हणजे १४ लिटर, पण निघताना २५ हवं. एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव, म्हणजे किमान २१, वर थोडं जास्तीचं.

सोबत: जादा पंखा, नट, वॉशर, स्प्लिट पिन, दोन प्लग आणि पाना, प्रायमर बल्बसकट इंधनाची नळी, हाताने ओढायची दोरी, दोन वल्ही. परत आल्यावर गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा.

खाडीमुख

राहिलेलं थोडं. जहाजांची वाट काटकोनात ओलांडा. २० मीटरपेक्षा लहान बोटीने तिथल्या जहाजाला अडवायचं नसतं, टगच्या मागच्या लाटाही नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) घ्या, कुशीवर नको. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राच्या आणि जवाहर बेटाच्या तेल धक्क्याच्या जवळपास फिरकू नका. घारापुरीला खासगी होडी लावण्याबद्दल आधी विचारून ठेवा, आणि सोमवारी लेणी बंद असतात. लाइफ जॅकेट १०० न्यूटनचं, अंगात घातलेलं, बाकाखाली ठेवलेलं नव्हे. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, व्हीएचएफ असेल तर चॅनेल १६. माणशी तीन लिटर पाणी.

पाठीमागून लाट येत असताना तिच्या पाठीवर राहा, तिला ओलांडून पुढे उतरू नका. नाळ खाली घुसते आणि होडी आडवी फिरते. दोन माणसं मागे बसवा.

किल्लेगावठाण

शेवटचं. दोनला निघून पावणेतीनला आलो आणि दिवाळ्याच्या धक्क्याला चिखलच असला तर? खाडीत भरतीची वेळ थोडी मागे पडते ना?

खाडीमुख

पडते. किती ते तुमच्या धक्क्यावर दोन-तीन भरत्या स्वतः टिपून काढा, अपोलो बंदरच्या वेळेशी ताडून. धक्क्याच्या खांबावर अर्ध्या-अर्ध्या मीटरला रंगाच्या खुणा केल्यात तर कायमचं काम होईल.

चिखल असेल तर घुसायचा प्रयत्न करू नका, इंजिन गाळ ओढेल. प्रवाहाच्या मध्यापासून बाजूला, दुसऱ्यांच्या वाटेत न येता नांगर टाकून थांबा. मऊ चिखलात चार नख्यांचा नांगर ओरबाडत सरकतो, पसरट पात्यांचा डॅनफोर्थ धरतो. पाच मीटर साखळी, पुढे १० मिलिमीटरचा दोर. दोर किती सोडायचा हे आत्ताच्या खोलीवर नाही, पाणी किती चढणार त्यावर. आत्ता दोन मीटर, भांगाला अजून दीड मीटर चढणार, नाळ पाण्यावर अर्धा मीटर: चार मीटर, त्याची पाचपट वीस. उधाणाला हेच तीस-बत्तीसवर जातं, म्हणून दोर चाळीस मीटरचाच घ्या. दोर नाळेलाच बांधा, मागे कधीही नाही. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवा, उदाहरणार्थ दिव्याचा खांब आणि मागची इमारत. रेषा सुटली की नांगर सरकतोय.

चारपर्यंत पाणी अर्ध्या मीटरच्या आसपास चढलेलं असेल. होडी आणि इंजिन मिळून तुमचं बुड पाण्याखाली अर्धा-पाऊण मीटर जातं, ते एकदा मोजून घ्या, म्हणजे खांबावरच्या कोणत्या खुणेला आत शिरायचं ते ठरून जाईल.