जपानी र्‍योकानमधली (पारंपरिक जपानी सराईतली) नोकरी घ्यावी की दुबई? हॉटेल लाईनमधल्यांचा सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

वय २७, बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी. सध्या छत्रपती संभाजीनगरात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. थंडीत आमच्याकडे अजिंठा-वेरूळसाठी जपानी ग्रुप येतात. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, त्यामुळे त्यांचा कार्यक्रम ठरल्यासारखाच असतो. मी कॉलेजात असताना हौसेने जपानी शिकायला लागले, जपानी भाषा परीक्षेची एन-४ पातळी झालीय, त्यावरच्या एन-३ चा अभ्यास चालू आहे. साहजिकच जपानी पाहुणा दिसला की "तिला बोलवा" होतं.

याच ग्रुपमुळे डोक्यात किडा शिरला. आमच्याकडे स्वागत म्हणजे हार, कुंकू, सरबत, फोटो. दिवसभर लेण्यांच्या पायर्‍या चढून आलेल्या सत्तरीच्या आजींना त्यातलं काही नको असतं. एका टूर लीडरने मला ग्रुप यायच्या आधीच कागद दिला होता: कोणाला लिफ्टजवळची खोली, कोणाचा उजवा गुडघा दुखतो, कोण रात्री उशिरा जेवत नाही, कोणाची बॅग आधी वर पोचली पाहिजे. आमचा सगळा स्टाफ धावपळीत कमी नाही, पण पाहुण्याने मागितल्यावर धावतो. मागायच्या आधी ओळखायचं कसं, हे मला शिकायचं आहे, आणि ते जिथून आलं तिथे जाऊन शिकायचं आहे. पुढे ते घेऊन तिसर्‍या देशात किंवा परत इथे काम करायचा विचार आहे.

आता अडचण. गुन्मा प्रांतातल्या एका ऑनसेन (गरम पाण्याच्या झर्‍यांच्या) गावातल्या र्‍योकानसाठी ऑनलाईन मुलाखत झाली, होकार आला आहे. व्हिसा 'तोकुतेई गिनो', म्हणजे स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर. महिना १ लाख ९० हजार येन, त्यातून वसतिगृहाचं भाडं कापणार. दुसरीकडे दुबईतल्या एका हॉटेलच्या जपानी रेस्टॉरंटमध्ये होस्टेसची जागा आहे. मावसभाऊ तिथेच असतो, पैसा बरा, घरचेही तिकडेच झुकलेत. तिसरा मार्ग सरांनी सुचवला: इथेच थांब, एन-२ कर आणि मग डिग्रीच्या जोरावर फ्रंट डेस्कच्या व्हिसावर जा.

घरी लग्नाचं बघताहेत, आणि र्‍योकानच्या व्हिसावर कुटुंब नेता येत नाही म्हणतात. शिवाय आम्ही पूर्ण शाकाहारी. जे मी चाखणार नाही ते पाहुण्याला समजावून कसं सांगणार? आणि ज्यांच्यामार्फत मुलाखत झाली ते एजंट 'प्रोसेसिंग' आणि 'सिक्युरिटी डिपॉझिट' मिळून अडीच लाख मागताहेत. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय. कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

ओसरी:
ताई, मी हाकोनेत र्‍योकानमध्ये नाकाई (खोलीतल्या पाहुण्यांचं सगळं बघणारी सेविका) म्हणून काम केलंय, आता फ्रंटला आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पगाराच्या आकड्यात नाही, कामाच्या वाटणीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या हॉटेलात फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, एफ अँड बी (खाणंपिणं) अशी खाती असतात. पाहुण्याचा गुडघा फ्रंट ऑफिसला माहीत असतो आणि जेवण वाढणार्‍याला नसतो. जुन्या पद्धतीच्या र्‍योकानमध्ये दुपारी तीनला आल्यावर चहा देण्यापासून दुसर्‍या दिवशी गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवण्यापर्यंत त्या खोलीची एकच नाकाई असते. चहा देताना पाहुणा जमिनीवर कसा बसतो ते तिने पाहिलेलं असतं, म्हणून संध्याकाळी न सांगता तिथे खुर्ची येते. त्या कागदाचं मूळ हे आहे.

शिकवतात ते हातातून. फुसुमा, म्हणजे सरकतं दार, गुडघ्यावर बसून उघडायचं. खाचेत हात घालून आधी चार बोटं फट, मग हात खाली चौकटीवर आणून दार अंगाच्या मध्यापर्यंत, मग दुसर्‍या हाताने पूर्ण. पहिली फट हीच आतल्या माणसाला सूचना. महिनाभर मला ओकामी, म्हणजे मालकीणबाई, एवढंच करायला लावत होत्या.

आता दुसरी बाजू. 'नाकानुके' हा शब्द आत्ताच पाठ करा. सकाळी साडेसहा ते साडेदहा काम, मधे चार-पाच तास सुट्टी, पुन्हा तीन ते रात्री नऊ. मधल्या वेळेचे पैसे नाहीत, आणि ऑनसेन गावात त्या वेळात करण्यासारखं फारसं काही नसतं. बर्फात तर नाहीच. माझ्याबरोबरच्या नेपाळी मुली त्या वेळात झोपायच्या, मी एन-२ चा अभ्यास केला. तुम्ही काय कराल ते आधी ठरवा.

शाकाहाराचं: मांसमासे टाळणं सोपं, पण कात्सुओबुशीचा दाशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा अर्क, जवळजवळ सगळ्यात असतो. स्टाफच्या जेवणातही. स्वतः रांधायची तयारी ठेवा. कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके अळंबीचा दाशी पूर्ण शाकाहारी होतो. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांतल्या मुक्कामात तेच जेवण मिळतं. चाखण्याची काळजी नको, हेडशेफ रोज प्रत्येक पदार्थ सांगतो, आपण वही भरायची. उलट हल्ली भारतीय पाहुणे वाढलेत, 'यात दाशी आहे का' हे स्वयंपाकघराला विचारू शकणारी मुलगी त्यांना हवीच असते.

खवचट:
एवढं शिकून लोकांच्या गाद्या घालायला जायचं? इथेच मॅनेजर व्हा की.

ओसरी:
गाद्या मीही घातल्या. पाहुणे जेवायला बसले की पंधरा मिनिटांत चार फुतोन. तुम्ही एक घालून दाखवा, मग बोलू.

फाईलवाला:
कागदपत्रांचं मी लिहितो.

तोकुतेई गिनो २०१९ पासून आहे, भारताशी करार जानेवारी २०२१ चा. पहिल्या श्रेणीत एकूण ५ वर्षं आणि कुटुंब नाही, हे खरं. २०२३ मध्ये दुसरी श्रेणी निवास (हॉटेल) क्षेत्रालाही खुली झाली. तिथे नूतनीकरणाला मर्यादा नाही आणि पती/पत्नी, मुलं नेता येतात, पण वेगळी परीक्षा आणि अनुभव लागतो. त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो, मात्र इमिग्रेशनची नव्याने परवानगी घेऊन.

सरांचा मार्ग चुकीचा नाही, पण त्या व्हिसावर मुख्य काम म्हणून नुसतं वाढणं किंवा साफसफाई चालत नाही. म्हणजे तुम्हाला जे शिकायचंय तेच सुटेल. तुमच्याकडे डिग्री आहे, तेव्हा आधी तोकुतेई गिनोवर जाऊन एन-२ केल्यावर तिथूनच व्हिसा बदलायचा अर्ज करता येतो.

एजंट: तिथल्या नियमांत कामगाराकडून डिपॉझिट घेणं चालत नाही, आणि विमानतळावरून आणणं, घर शोधून देणं वगैरे 'सपोर्ट'चा खर्चही कामगारावर टाकता येत नाही. आपल्याकडे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढीच मुभा आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्यांचा नोंदणी क्रमांक तपासा. अडीच लाख तर मुळीच देऊ नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. खवचट, तुमचेही. :)

ओसरीताई, मग एक शंका. हे एका माणसाने एक खोली सांभाळायचं गणित जपानबाहेर चालतं का? तसं नसेल तर मी शिकून नेणार काय?

ओसरी:
जसंच्या तसं फार कमी चालतं, माणसं महाग पडतात. वाकुरा ऑनसेनच्या कागाया या र्‍योकानने २०१० मध्ये तैवानच्या बेइतोऊमध्ये शाखा काढली, तिथे किमोनोतल्या नाकाई, खोलीत जेवण, सगळं नेलं. पण त्याच कागायाच्या मूळ इमारतीत जेवणाचे ट्रे मजल्यांवर यंत्राने पोचायचे, म्हणजे नाकाईचा वेळ ओझी वाहण्यात न जाता खोलीत जावा. काय यंत्राला द्यायचं आणि काय माणसाकडेच ठेवायचं, हा निवाडा तुम्ही न्यायचा. (वाकुरा ज्या नोतो द्वीपकल्पात आहे तिथल्या १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर ते मूळ र्‍योकान बंद पडलं, फार हळहळ वाटली.)

होशिनो या जपानी हॉटेल कंपनीचं बघा. १९१४ ला कारुइझावातलं एक र्‍योकान, आता २०१७ पासून बालीत आणि २०१९ पासून तैवानच्या गुगुआनमध्येही त्यांचं होशिनोया हॉटेल आहे. त्यांच्याकडे एकच माणूस फ्रंट, खोल्या, जेवण सगळं करतो. ओकुरा ही जपानी हॉटेल साखळी तर १९७१ पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे. तेव्हा माझं मत: दोन वर्षं कौटुंबिक र्‍योकान, मग त्याच क्षेत्रात एखाद्या साखळीत बदल, तिथून परदेशातली जागा मागायची. दुबईचं होस्टेसचं काम वाईट नाही, पण तिथे तुम्ही दारातून टेबलापर्यंतच पोचाल. पैसा हाच पहिला मुद्दा असेल तर मात्र बेधडक दुबईला जा. येन साठ पैशांच्या आतबाहेर आहे, घरी पाठवायला फारसं उरत नाही.

धागाकर्ती:
घरच्यांशी बोलले. बाबा म्हणाले दोन वर्षं म्हणजे दोनच. एजंटला डिपॉझिट देणार नाही असं कळवलंय, तो आता थेट 'तीस हजार चालतील' म्हणतोय! करार फक्त जपानीत पाठवलाय.

फाईलवाला:
व्हिसाआधी अटी तुम्हाला कळणार्‍या भाषेत समजावून सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा इंग्रजी प्रत मागा. त्यात तीन गोष्टी बघा: नाकानुके धरून दिवसाचे कामाचे तास, वसतिगृहाचं भाडं नेमकं किती, आणि महिन्याच्या सुट्ट्या. प्रत आली की नावं झाकून इथे टाका, बघू.