दोन वर्षांसाठी पोरांना परदेशात नेणं म्हणजे 'युरोची हौस'? (उत्तर लांब आहे, रागात आहे)

मानपाड्याची

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगच्या एका काकांनी लिहिलं, "चार आणि सात वर्षांची पोरं दोन वर्षांसाठी जर्मनीला नेणं ही शुद्ध युरोची हौस. पोरं ना धड इकडची राहत, ना तिकडची. आणि इथे म्हातारे आईबाप खिडकीत बसून." खाली अंगठ्यांची रांग. नाव घेतलं नाही, पण आमच्या बिल्डिंगमधून तेवढी पोरं घेऊन जर्मनीला गेलेलं कुटुंब एकच आहे. ग्रुपवर भांडले तर सासूबाईंना लिफ्टमध्ये ऐकून घ्यावं लागेल, म्हणून इथे लिहिते.

हौस म्हणे. ऐरोलीतली बरी चाललेली नोकरी सोडून श्टुटगार्टच्या किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, गुडघ्याएवढ्या खुर्चीवर आठवडेच्या आठवडे बसायची हौस कोणाला असते? इथे आइनगेव्यॉनुंग नावाचा, मुलाला हळूहळू रुळवायचा प्रकार आहे. आधी मूल तासभर, आई शेजारी. मग आई दहा मिनिटं दाराबाहेर. फार रडलं की पुन्हा मागे. ठाण्यात प्लेग्रुपच्या दारात मूल हातातून काढून घेतात आणि "मॅडम, तुम्ही निघा, गप्प होईल" म्हणतात. ती पद्धत आपल्याला चालते, तेव्हा मुलांच्या मनाची काळजी कोणाला वाटत नाही.

धाकट्याच्या खुंटीवर गोगलगायीचं चित्र आहे. इथे प्रत्येक मुलाची खुंटी अशी चित्राने ओळखतात. कित्येक महिने तो वर्गात एक शब्द बोलला नाही. काही हवं असलं की खुंटीशी जाऊन उभा राहायचा. डब्याच्या पिशवीला हात लावला तर भूक, चिखलाच्या विजारीला लावला तर अंगणात जायचंय, कोटाला लावला तर घरी. बाईंना ते कळत होतं, एवढंच माझं समाधान. आता तोच पोरगा लाल सिग्नलला रिकाम्या रस्त्यावर बापाचा हात धरून ठेवतो आणि जर्मनमध्ये झापतो.

मोठी व्हीकेएलमध्ये आहे, म्हणजे जर्मन न येणाऱ्या मुलांचा तयारीचा वर्ग. तिच्या वर्गात सगळेच परके, त्यामुळे ती एकटी परकी नाही. शाळेत चालत जाते. घोडबंदर रोडला हीच मुलगी सातच्या आत बसमध्ये असायची आणि पातलीपाड्याला झोपायची. तेव्हा "ना इकडची ना तिकडची" कोणी म्हटलं नाही, खरं तर तेव्हाच ती अर्धा दिवस कुठलीच नसायची.

बोला आता.

---

सेक्टर_सतरा

ताई, लिहिलंय छान, पण काकांचा मुद्दा तुम्ही शिताफीने टाळलात. प्रश्न जायचा नाही, परतायचा आहे. परत आलात की मुलगी चौथीत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. तिला बाराखडी कोण शिकवणार, गोगलगाय?

मी वाशीत क्लास चालवायचो. परदेशातून परत आलेली मुलं बघितली आहेत. हुशार असतात, पण वर्गात हात वर करत नाहीत. पुरावा मागू नका, डोळ्यांनी बघितलंय.

---

मानपाड्याची

सर, बाराखडी मी शिकवते. रोज. रविवारी तर जास्तच, कारण रविवारी इथे दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकणंसुद्धा बंद. बाराखडीशिवाय करणार काय?

आणि हात वर न करणारी मुलं ठाण्यात जन्मून ठाण्यातच वाढलेलीही असतात. मी स्वतः त्यातली.

---

ऐरोली_बेंच

सगळे "दोन वर्षं, दोन वर्षं" करताय. हा आकडा दिला कोणी? आमच्या धंद्यात दोन वर्षं म्हणजे क्लायंटची मर्जी. मी फ्रांकफुर्टला होतो. कधी सहा महिन्यांची मुदतवाढ, कधी तीन महिन्यांची, कधी "पुढच्या आठवड्यात कळवतो". एकदा सामान अर्धं बांधून परत सोडलं.

थंडी, भाषा, जेवण याला पोरं चटकन सरावतात. न सरावणारी गोष्ट म्हणजे तारीख नसणं. माझ्या मुलाने शाळेतून आणलेली चित्रं भिंतीवर लावणं बंद केलं. विचारलं तर म्हणाला, "आपण जाणारच आहोत ना." मित्राच्या वाढदिवसाला जायला नको म्हणायचा, कारण त्याच्या वाढदिवसाला त्याला बोलवायला आपण असू का, हे माहीत नाही. सहा वर्षांचं पोर हा हिशोब करतं.

तेव्हा हौस नाही हे मान्य. पण "मुलं मस्त रुळली" हेही अर्धंच. तुमचं काँट्रॅक्ट वाढलं की सांगा, मग बोलू.

ता. क. त्या काकांना सांगा, किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, २०२५ मध्ये मुलामागे महिना २५५ युरो होतं, तेही कोणत्या परवान्यावर आलात त्यावर. लॉटरी लागत नाही.

---

पाचपाखाडी

किंडरगेल्डचं सोडा, युगेंडआम्टचं, म्हणजे तिथल्या बालकल्याण खात्याचं बोला. २०२१ मध्ये बर्लिनला सात महिन्यांची भारतीय मुलगी सरकारने आईबापांकडून काढून घेतली. त्याआधी २०११ मध्ये नॉर्वेत तेच. आपण पोराला एक धपाटा घातला तर शेजारी फोन करतात. अशा ठिकाणी लहान मुलं घेऊन जायचं धाडस तुम्हालाच लखलाभ. आमच्यात आईबापांना सोडून, पोरांना पणाला लावून पैसा कमवत नाहीत.

---

मानपाड्याची

दोन केसेस घेऊन दोन देश निकालात काढलेत. आणि हो, जर्मनीत मुलाला मार न देता वाढवणं हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, २००० सालापासून. तुमच्या धपाट्याची अडचण मी समजू शकते.

इथे सरकार दारात येतं ते दुसऱ्या कारणाने. तात्पुरते आलात तरी मूल शाळेत घालावंच लागतं, घरी बसवून शिकवायची मुभा नाही. आणि किटात घालण्याआधी गोवराच्या लसीचा पुरावा, २०२० पासून. आमच्या ठाण्याच्या डॉक्टरांच्या अक्षरातली फाइल वाचताना इथल्या बाईंची जी तारांबळ उडाली, ती सोडली तर सरकारने मला काही केलेलं नाही.

---

नेरूळकर_आजी

विषय पोरांचा आहे, पण मला आजीचं बोलायचंय. कारण "म्हातारे आईबाप खिडकीत" यावर सगळे नुसतेच पुढे गेलात.

मी श्टुटगार्टलाच जाऊन आले, मुलाकडे. शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस, त्याहून एक दिवस जास्त नाही. माझे ९० संपले की विहीणबाई आत. आम्हा दोघींची भेट विमानतळावरसुद्धा होत नाही, इतकं चोख वेळापत्रक. नात आजारी पडली की किटात घेत नाहीत, किटाला सुट्ट्या, किटात माणसं कमी म्हणून दुपारीच फोन की मूल घेऊन जा. मग घरात कोण? आजी.

आणि ती केरवोखं. मानपाड्याची बाई, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, नवल आहे. आठवड्याला एका घराची पाळी, जिना झाडायचा, पुसायचा, थंडीत दारापुढचा बर्फसुद्धा काढायचा. दाराला पाटी लटकवून जातात. सून ऑफिसात, मुलगा कॉलवर. नेरूळला चार मजल्यांचा जिना पुसायला बाई येते, आणि मी निवृत्त मुख्याध्यापिका तिथे गुडघ्याला पट्टा बांधून फडकं मारतेय. खालची म्हातारी जर्मनबाई कठड्याची खालची बाजू बोटाने तपासून बघायची. खालची बाजू!

नातीवर जीव आहे. पण "आई, तुम्ही फिरायला या" असं म्हणून तिकीट काढायचं आणि विमानतळावरून घरी जाताना "सोमवारपासून किटा बंद आहे" सांगायचं, याला मी काय समजू?

---

सीवूड्सवाली

आजी, माफ करा, पण हे ऐकून कान किटलेत. बोलावलं तर फुकटची बाई केली, नाही बोलावलं तर पोरकं केलं. सुनेने करायचं तरी काय? माझ्या सासूबाई तीन महिने राहून गेल्या आणि इथे सीवूड्समध्ये सगळ्यांना सांगत सुटल्या की मला तिथे पोळ्या लाटायला नेलं होतं. पोळ्या मी लाटत होते. त्यांनी माझ्या पोळ्यांचे फोटो काढून स्टेटसला लावले.

---

नेरूळकर_आजी

तुमच्या सासूबाईंचं मला सांगू नका, मी माझं सांगतेय.

प्रवासविमा तीस हजार युरोचा काढावाच लागतो, काढला. तिथे छातीत धडधडलं, दवाखान्यात गेले, तर विमावाले म्हणाले आधीचा आजार. बिल मुलाने भरलं. तेव्हापासून सून माझ्याशी गोड बोलते आणि मला तेच जास्त लागतं.

---

पाचपाखाडी

हेच मी म्हणतोय. म्हातारपणी आईला त्या थंडीत फरफटत न्यायचं कशाला? मुलाने इथेच राहावं, आईची सेवा करावी. ठाण्यात नोकऱ्या नाहीत का?

---

ऐरोली_बेंच

आहेत. मी सध्या ऐरोलीत बेंचवरच आहे, म्हणजे प्रोजेक्ट नाही, नुसता बसून. या बघायला.

---

सीवूड्सवाली

"मुलाने सेवा करावी" म्हणजे सुनेने करावी. पाचपाखाडी, वाक्य पूर्ण लिहीत जा.

---

सेक्टर_सतरा

धागा मुलांच्या शिक्षणाचा होता. आता जिना पुसण्यावर आलाय. संपादकांनी लक्ष द्यावं.

---

खारघर_पस्तीस

शिक्षणाचंच सांगतो मग, तीन वर्षं नेदरलँड्सला काढून परत आलेल्या बापाच्या नात्याने.

तिकडे मुलं चौथ्या वर्षी शाळेत जातात, सक्ती पाचव्यापासून. माझा मुलगा सायकलवर वाढला. परत आलो तर नवी मुंबईतल्या एका शाळेने आधीच्या शाळेचा दाखला मागितला. आमच्याकडे डच कागद, त्यांना हवा आपल्या पद्धतीचा एलसी. मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम चार दाखवलं, वयानुरूप वर्गात प्रवेश. बाई म्हणाल्या, "सर, कायदा बरोबर आहे, पण जागा नाही." दुसऱ्या शाळेत मिळाला.

मग मराठी. घरी अस्खलित बोलायचा, पण वाचायला शून्य. वर्गात त्याला "गोरा" म्हणायचे, तो माझ्यापेक्षा सावळा आहे तरी. पहिली सहामाही रोज सकाळी पोटदुखी. रस्त्यावर सायकल चालवायची नाही, हे त्याला पटेचना. "रस्ता आहे, सायकल आहे, मग का नाही?" खारघरला निदान रुंद रस्ते आहेत, पण मी त्याला काय सांगू, की उलट्या बाजूने येणारा टँकर तुझ्यासाठी थांबणार नाही?

दुसऱ्या वर्षी रुळला. आता मराठीत शिव्याही देतो, म्हणजे परीक्षा पास. सेक्टर सतरा सर बरोबर की मानपाड्याच्या ताई, ते तुम्ही ठरवा. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल कोणी लिहीत नाही, सगळे बर्फाचे फोटो टाकतात, एवढंच माझं म्हणणं.

---

सेक्टर_सतरा

म्हणजे मी म्हणत होतो तेच. धन्यवाद.

---

खारघर_पस्तीस

सर, तुम्ही "हात वर करत नाहीत" म्हणालात. माझ्या मुलाच्या बाईंची तक्रार आहे की हा फार प्रश्न विचारतो.

---

मानपाड्याची

ऐरोली बेंच, तुमच्या भिंतीवरच्या चित्रांनी माझी झोप उडवली, त्याबद्दल आभार मानायला हवेत का माहीत नाही. काल नवऱ्याला म्हटलं, मॅनेजरकडून परतीची तारीख लेखी घे. तो इतका हसला की मुलं उठली. तेव्हा तो मुद्दा तुमचा, ठेवून घ्या. पण तारीख नसणं हा कंपनीचा दोष झाला, आईबापांच्या हौसेचा नव्हे. काकांनी पोस्ट कंपनीच्या नावे टाकायची होती.

खारघर, परतल्यावर तुम्हाला शोधत येईन, शाळेचं नाव विचारायला. दुसऱ्या शाळेचं.

आजी, केरवोखं मीच करते, सासूबाईंना हात लावू देत नाही. लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर सासूबाईंनी वाचलं असतं आणि "मी येते मदतीला" म्हणाल्या असत्या.

---

नेरूळकर_आजी

म्हणजे त्यांना यायचंय आणि तुम्ही येऊ देत नाही. बघा हं. पुसायला लावलं तरी राग, नाही लावलं तरी परकं. सीवूड्सवालीच्या म्हणण्यात पावशेर तथ्य आहे, त्याहून जास्त नाही.

---

सीवूड्सवाली

पावशेर का होईना, लिहून ठेवते.

---

पाचपाखाडी

चर्चा भरकटली आहे. मूळ मुद्दा संस्कारांचा. आईबापांना सोडून गेलेल्यांची मुलं उद्या त्यांना सोडतील. मी माझ्या मुलांना रोज सांगतो, आईवडील हेच दैवत.

---

नेरूळकर_आजी

पाचपाखाडी, दोनदा सेवेवर बोललात म्हणून विचारते. तुमच्या आई कुठे असतात?

---

पाचपाखाडी

विषय तो नाही.

---

नेरूळकर_आजी

चाळीस वर्षं शाळेत काढली आहेत मी. उत्तर द्या.

---

पाचपाखाडी

बदलापूरला, धाकट्या भावाकडे. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो हो.