मदत हवी आहे: जुन्या घरकुलाचा स्लॅब दुरुस्त करायला कुठली संस्था मदत करते का? (औसा तालुका, लातूर)

नमस्कार मंडळी,

माझी चुलती औसा तालुक्यात गावी एकटीच राहते. वय ६३, काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. संजय गांधी निराधारचे महिन्याला १५०० येतात आणि जमेल तशी खुरपणीला जाते. घर म्हणजे २००५ च्या सुमारास इंदिरा आवासमधून मिळालेलं घरकुल, तेव्हा त्या योजनेत एका घराला २५ हजार धरलेले असायचे, त्यात काकांनी पदरचे घालून पत्र्याऐवजी स्लॅब टाकला. आता तोच स्लॅब जीवावर उठलाय. खालचं काँक्रीट सुटून सळया उघड्या पडल्यात, हाताने चोळलं की गंजाचे पापुद्रे निघतात, चुलीवरच्या कोपऱ्यात तर सळई निम्मीच उरलीय. रोज सकाळी ती आधी अंथरुणावरची खपली झाडते. पाऊस लागला की दाराच्या तोंडाशी झोपते, म्हणते "हितं वर लिंटल (दारावरची आडवी तुळई) हाय, हितं काय पडत न्हाई."

घरकुलासाठी ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर सरळ आहे, एकदा लाभ घेतलाय, पंतप्रधान आवासमध्ये पुन्हा नाव बसत नाही. नियम कळतो मला. पण तिला नवीन घर नकोच आहे हो, आहे ते डोक्यावर पडू नये एवढंच हवंय. नवीन बांधणाऱ्याला १ लाख २० हजार, वर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, संडासाचे १२ हजार, आणि वीस वर्षांपूर्वीचं घर टिकवायला मात्र काहीच नाही, हे मला फार खटकतं. तलाठी म्हणाले अतिवृष्टीत पडझड झाली तर पंचनामा करतो, पण पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला साडेसहा हजार मिळतात, आणि त्यासाठी आधी पडझड व्हायला हवी!

आमच्या भागात हे काम पूर्वी झालेलं आहे म्हणून विचारतोय. १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नवीन जागी वसवली ते सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा मोठा कार्यक्रम चालला होता. आमच्या थोरल्या घराच्या माळवदावरची माती तेव्हाच कमी केली, भिंतीत आरपार दगड बसवले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं होतं, पैसे कसे मिळतात, मिस्त्रीने काय करायला पाहिजे हे त्या घरोघरी सांगायच्या. तसं आता कुणी करतं का? पूर्ण खर्च नको, निम्मा मी घालतो. मिस्त्रीने पाडून पत्रे टाकायचे दीड लाख सांगितलेत, माझी पुण्यातली नोकरी आणि भाडं बघता एकदम जमत नाही.

प्रतिसाद १
मी शेजारच्या तालुक्यात एका संस्थेत काम करते म्हणून स्पष्ट सांगते, एकट्या घरासाठी संस्था शोधत बसू नका, हाती काही लागत नाही. कंपन्यांचा सीएसआरचा (सामाजिक कामांसाठीचा) पैसा बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेमार्फत येतो आणि प्रस्ताव दहा-वीस घरांचा असला तरच कुणी वाचतं. काकूंच्या ओळीत त्याच काळातली अजून घरकुलं असतीलच ना? सगळ्यांची यादी करा, नमुना ८ चे (ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचे) उतारे काढा, प्रत्येक स्लॅबचा खालून फोटो, आणि ग्रामसभेत ठराव घ्या की ही घरं राहायला धोकादायक आहेत. हा कागद घेऊन हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी इंडियासारख्या घरांवरच काम करणाऱ्या संस्थेला लिहा. आणि काकू उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात आहेत का? गटातून घरदुरुस्तीला कर्ज उचलता येतं, सावकारापेक्षा कितीतरी बरं.

प्रतिसाद २
सिव्हिलवाला आहे. पैसे नंतर, आधी आजच्या आज स्लॅबला टेकू द्या, लोखंडी जॅक भाड्याने मिळतात, खाली फळी टाकून लावा. आणि नुसता गिलावा करून घेऊ नका, आत गंज चालूच राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत अख्खा थर खाली येतो. सळई थोडीच गंजली असेल तर सुटं काँक्रीट ठोकून काढून, ब्रशने गंज साफ करून, गंजरोधक आणि पॉलिमर मॉर्टरने भागतं, वरून वॉटरप्रूफिंग. सळई निम्मी उरलीय म्हणताय, तसं सगळीकडे असेल तर तुमचा मिस्त्री बरोबर आहे, पाडा आणि अँगलवर पत्रे टाका. पण भिंती चांगल्या आहेत ना हे इंजिनिअरने बघितल्याशिवाय हात लावू नका.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. चुलतभावाला फोन केला, तो उद्या औश्याहून जॅक आणतोय. ओळीत अशीच घरं आहेत, दोन घरांत तर लहान लेकरं आहेत, त्यामुळे यादीचं काम मी येत्या रविवारी गावी जाऊन करतो. चुलती गटात आहे, पण हप्ता फेडायच्या भीतीने कर्ज घ्यायला तयार नाही, तो हप्ता मी भरेन असं तिला सांगतोय. आता एकच, लातूर किंवा औश्यात गावात येऊन स्लॅब आणि भिंती तपासून लेखी देणारा इंजिनिअर कुणाच्या ओळखीत आहे का? जाण्यायेण्याचं भाडं आणि फी देतो, कृपया विपू (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) करा.